मोंडकर बाईंचा राहिलेला विषय

मोंडकर बाई वर्गात आल्या की आधी खडू मोडायच्या. डब्यातून नवा कोरा खडू घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा आणि कट्‌ करून त्याचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा फळ्याच्या कठड्यावर, दुसरा हातात, आणि मग वर्गाला 'बसा'. मुलुंडच्या आमच्या शाळेत मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसवलं होतं, शिकवतात कसं ते बघायला. मी चोवीस वर्षांची, नुकतीच बी.एड. झालेली आणि सगळ्या जगाला घाबरणारी. तास संपल्यावर धीर करून मी विचारलं, "बाई, खडू का मोडता?"

"अख्खा खडू किंचाळतो," त्या म्हणाल्या. "अर्धा निमूट लिहितो. तू कोण, नवीन का? इतकी हळू बोललीस तर नववी ब तुला खाऊन टाकेल."

नववी ब ने मला खाल्लं नाही, कारण पहिले काही महिने बाई शेजारच्या वर्गात शिकवत होत्या आणि गोंधळ वाढला की मधल्या भिंतीवर डस्टर आपटत होत्या. अंगाने ठेंगण्या, रंगाने सावळ्या, कानाच्या वर दोन्हीकडे पांढरी बट, आणि घड्याळाची तबकडी कायम मनगटाच्या आतल्या बाजूला. वेळ बघताना असं वाटायचं की त्या स्वतःचीच नाडी तपासताहेत. तेव्हा त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. गणित शिकवायच्या आणि तेवीस वर्षं एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, "पायरी गाळू नका."

या पायरीवरून भांडणंही व्हायची. एका मुलाचं उत्तर बरोबर होतं, पण मधलं काहीच लिहिलेलं नव्हतं. बाईंनी पाचपैकी एक मार्क दिला. त्याचे वडील तावातावाने शाळेत आले. "उत्तर बरोबर आहे ना? मग?" बाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबरच आहे. पण ते त्याच्याकडे आलं कुठून? उद्या तुमच्या घरी रंगीत टीव्ही आला तर शेजारी विचारतीलच ना, कुठून आणला म्हणून? तसं मी विचारतेय." वडील हसले आणि जाताना मुलाच्या डोक्यात टपली मारून गेले. बाईंना भांडण जिंकल्याचा आनंद वगैरे झाल्याचं दिसलं नाही. पुढचा पेपर ओढून त्या तपासायला लागल्या.

बाईंचं घर मुलुंड पूर्वेला, दोन खोल्यांचं. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. ते अंथरुणाला खिळले तेव्हा बाई कॉलेजात होत्या. मग वडिलांचं आजारपण, आईचं म्हातारपण, धाकटा भाऊ बाळा याचं शिक्षण, त्याचं लग्न, त्याची तीन मुलं. ओळीने एकेक पायरी करत त्या शेहेचाळीसपर्यंत आल्या होत्या. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा विचारलं. विचारू नये ते विचारायची मला तेव्हा खोड होती. "स्थळं यायची," त्या म्हणाल्या. "पण मी निघाले असते तर मागे घर कोण चालवणार होतं? मग यायची थांबली." 

आणि अशा या बाईंनी एका सोमवारी मधल्या सुटीत डबा उघडता उघडता जाहीर केलं की त्या झांबियाला चालल्या आहेत. पेपरात जाहिरात आली होती, तिथल्या सरकारी शाळांना गणिताचे शिक्षक हवे होते. अर्ज केला, मुलाखत झाली, निवड झाल्यातच जमा आहे, आता फक्त पत्र यायचं आहे. स्टाफरूममध्ये कुणाचा घास कुणाच्या घशात अडकला ते सांगता येत नाही. भूगोलाच्या सरांनी भिंतीवरच्या नकाशात झांबिया शोधला आणि तिथे सिंह असतात असं सांगितलं.

"असू देत," बाई म्हणाल्या. "तेवीस वर्षं नववी ब ला शिकवलंय."

मुख्याध्यापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. मी तिथे हजेरीपत्रक द्यायला गेले होते. "मोंडकर बाई, या वयात?" ते म्हणाले. "या वयात म्हणजे काय सर? मागच्या वयात कुणी बोलावलं नव्हतं," बाई म्हणाल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला. मी तोवर एकटीने साधं पनवेलपर्यंतही गेले नव्हते.

आता या गोष्टीतला माझा भाग. आठवडाभराने बाईंनी मला बाजूला घेतलं आणि एक लाँगबुक दाखवलं. पहिल्या पानावर त्यांच्या खणखणीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'एकटीने न केलेल्या गोष्टी'. खाली पट्टीने आखलेले रकाने होते, नंबर, गोष्ट, तारीख, शेरा. हॉटेलात बसून खाणे. सिनेमा बघणे. काही काम नसताना फिरणे. एका खोलीत रात्रभर झोपणे. अशा एकूण अकरा.

"नीला, मी आजवर एकटीने काही केलेलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "तिकडे मला अख्खं घर मिळणार आहे, शाळेच्या आवारात. एकटीला. आणि मी जन्मात कधी एका खोलीत एकटी झोपलेले नाही. आधी आई-बाबा, मग आई, आता पोरं. हे सगळं तिकडे गेल्यावर शिकायला घेतलं तर वाट लागेल. इथेच सराव करून जायचं. पायरी गाळायची नाही."

"मग मी काय करू?"

"परीक्षक. लांब बसायचं, बोलायचं नाही, मार्क द्यायचे."

"पण मीच का?"

"कारण शाळेत सगळ्यात घाबरट तू आहेस. घाबरट माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही."

हे कौतुक होतं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पावसाळ्याचे सगळे रविवार मी बाईंच्या मागे मागे काढले.

पहिला पेपर स्टेशनजवळच्या उडप्याकडे. मी कोपऱ्यातल्या टेबलावर चहा घेऊन बसले. बाई दारातून आत आल्या, पदर खोचला आणि भर मध्यावरचं टेबल निवडलं. वेटर लगबगीने आला. "बाई, लेडीज लोग अंदर. फॅमिली रूम में."

"अंदर पंखा है?" बाईंनी विचारलं.

"पंखा बंद है."

"फिर लेडीज लोग इधरीच."

त्यांनी मसाला डोसा मागवला. सगळं हॉटेल बघत होतं आणि बाई हॉटेलकडे बघत होत्या, पेपर चालू असताना वर्गाकडे बघतात तशा. दोन मिनिटांत लोक आपापल्या बशीत बघायला लागले. मी मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले होते. पण अर्धा डोसा झाल्यावर बाईंनी वेटरला बोलावलं आणि उरलेला कागदात बांधून द्यायला सांगितला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दहापैकी आठ."

"दोन कुठे गेले?"

"अर्धा डोसा कुणासाठी बांधून घेतलात?"

"पोरांना आवडतो गं."

"बाई, पोरं झांबियात नसतील."

त्या रस्त्यातच थांबल्या. हातातल्या पुडीकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रागावतील. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "काप." मात्र पुडी घरी गेलीच. मार्क कापले म्हणून डोसा कोण टाकून देतं!

सिनेमाचा पेपर त्या सहज पास झाल्या. पवईचा मात्र जड गेला. काही काम नसताना फिरणे, हा विषय. तळ्याच्या काठावर अर्धा तास नुसतं बसायचं असं ठरलं होतं. मी पन्नास पावलांवर छत्री घेऊन उभी. सात मिनिटं झाली असतील, बाईंनी पिशवीत हात घातला आणि चाचणीच्या वह्या काढल्या. मी धावत गेले आणि वह्या जप्त केल्या. कॉपीच ती. बाई खजील झाल्या, पण लगेच सावरून म्हणाल्या, "नुसतं बसायला लोकांना जमतं तरी कसं? शिकवत का नाही कुणी?" पुढच्या रविवारी त्या परत बसल्या आणि अर्धा तास खरोखर नुसत्या बसल्या. उठल्यावर म्हणाल्या, "तळं चांगलं आहे. तेवीस वर्षं मुलांच्या सहली इथे आणल्या, पण डोकी मोजता मोजता तळं बघायचं राहिलं होतं."

नापास झालं तर पुढच्या रविवारी परत बसायचं, एवढा एकच नियम होता. त्या नापास झाल्या की चेहरा पाडायच्या नाहीत. वहीत लाल शाईने 'नापास' लिहायच्या आणि समोर पुढची तारीख घालायच्या. मी आयुष्यात एवढी निकोप नापास झालेली बाई दुसरी पाहिली नाही.

सगळ्यात अवघड विषय झोपेचा. शाळेतले क्लार्क सावंत यांना चारकोपला नवं घर लागलं होतं आणि ते अजून राहायला गेले नव्हते. त्यांनी किल्ली दिली. शनिवारी संध्याकाळी बाई एक सतरंजी, एक चादर आणि पाण्याची बाटली घेऊन तिकडे गेल्या. रविवारी सकाळी सातला मी थर्मासमधून चहा घेऊन दारात हजर. दार सताड उघडं. आत बाई उठून बसलेल्या आणि त्यांच्या शेजारी रांगेत वॉचमनची बायको आणि तिच्या दोन मुली गाढ झोपलेल्या.

"बाई!"

"ओरडू नकोस, उठतील त्या," बाई कुजबुजल्या. "दिवा घालवला आणि काही ऐकूच येईना गं. कुणाचा तरी श्वास ऐकू आला पाहिजे ना? मग हिला बोलावलं. नापास लिही."

दुसऱ्या वेळी त्या खरोखर एकट्या राहिल्या. सकाळी मी गेले तर डोळे लाल, आणि शेजारी त्रेचाळीस पेपरांचा गठ्ठा तपासून तयार. रात्रभर दिवा चालू. मी काही बोलायच्या आत त्यांनीच वही काढली. "जागले म्हणजे झोपले नव्हे. नापास. तिसऱ्यांदा बसते." मी चहा ओतून दिला. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "नीला, हे जमलं नाही तर मी जाऊ नये. तिकडे रोज रात्र होणार आहे." बाईंच्या तोंडून 'जाऊ नये' मी पहिल्यांदा ऐकलं. मी घाबरले, कारण तोवर त्या जाणार हे मला माझंच काम वाटायला लागलं होतं.

तिसरी तारीख पडायच्या आत वेगळंच घडलं. भाद्रपद नुकताच संपला होता. नवरात्राच्या पहिल्या दिवशी सकाळी बाईंचा भाचा माझ्याकडे निरोप घेऊन आला, आत्याने बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. मी धावत गेले. घरात घट बसलेले, समई लावलेली, आणि बाईंची भावजय शालिनीवहिनी भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होती. बाळाभाऊ येरझाऱ्या घालत होते. बाई पाटावर बसून एक पत्र वाचत होत्या. पाकिटाला हळद-कुंकू लावलेलं होतं, त्यावर झेंडूचं फूल चिकटलेलं.

झालं होतं असं की झांबियाचं पत्र म्हाळाच्या तिसऱ्या दिवशीच आलं होतं. बाई शाळेत असताना ते शालिनीवहिनीच्या हातात पडलं. पितृपंधरवड्यात नव्या कामाला हात लावू नये, हे तिला माहेरपासून शिकवलेलं. नणंदेच्या आयुष्यातलं एवढं मोठं पत्र, ते अशा दिवसांत उघडायचं? तिने ते देवामागे ठेवलं आणि बारा दिवस जीभ चावून गप्प राहिली. घटस्थापनेला पूजा करून, कुंकू लावून, तिने ते मोठ्या आनंदाने नणंदेच्या हातात दिलं. आत लिहिलं होतं की होकार कळवण्याची शेवटची तारीख अमुक. ती तारीख परवा होऊन गेली होती.

"माका वाटला, चांगल्या दिवशी उघडला तर चांगलाच होतला," वहिनी रडत म्हणत होती. "म्हाळात असलो कागद उघडूक नको, म्हणान ठेवलंय गो ताई. माका काय म्हायत, त्येका तारीख आसता ती!"

"बघ ताई," बाळाभाऊ म्हणाले, "देवाच्याच मनात नाही तू जावंस. नको जाऊस. काय कमी आहे तुला इथे?"

"देवाला मध्ये घेऊ नकोस बाळा," बाई म्हणाल्या. "पत्र शालूने ठेवलं, देवाने नाही. आणि हिने काय वाईटासाठी ठेवलं?" मग वहिनीकडे वळून त्या मालवणीत बोलल्या. घराबाहेर त्यांचं मालवणी कधी ऐकू यायचं नाही. "गो शालू, रडतस कित्याक? कागद खंय पळान गेलो नाय, हयच आसा. आदी चाय ठेव."

आणि चहा होईपर्यंत त्यांनी पत्राच्या पाकिटावरच पेन्सिलीने लिहायला घेतलं. एक, आज तार. दोन, उद्या अंधेरीचं ऑफिस. तीन, तिथे नाही झालं तर वरचा साहेब कोण, ते विचारणे. वाक्यांच्या मध्ये त्या घड्याळ बघत होत्या. उशीर होऊन गेला होता, आता मिनिटं बघून काय होणार होतं? तेव्हा मला कळलं की बाईंना किती जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही दोघी अंधेरीला गेलो. शिक्षकांची निवड करणाऱ्या एजन्सीचं ऑफिस एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतल्या मुलीने फाईल बघून सांगितलं की मुदत संपली, तुमच्या जागी यादीतल्या पुढच्या नावाला पत्र चाललंय.

"चाललंय म्हणजे? गेलं?" बाईंनी विचारलं.

"टाइप होतंय."

"टाइप होतंय म्हणजे गेलेलं नाही. मग अजून मीच आहे. साहेब कुठे बसतात?"

साहेबांच्या दारापाशी मी बाईंचा दंड धरला. "बाई, आजारी होतात म्हणून सांगा. टायफॉईड झाला होता म्हणा."

"टायफॉईड म्हटलं तर मेडिकलला पास कोण करणार मला?" बाई म्हणाल्या. "पायरी गाळली की पुढचं सगळं चुकतं." आणि आत जाऊन त्यांनी साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, इंग्रजीत. म्हाळ म्हणजे काय, पत्र देवामागे कसं होतं, भावजय किती रडली. पुरावा म्हणून कुंकू लावलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. साहेब मंगळूरकडचे होते. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं, फुलाची चिकटलेली पाकळी नखाने काढली आणि हसायला लागले. "मेरी माँ भी यही करती," म्हणाले.

पण अट घातली. जानेवारीच्या तुकडीतली जागा आता मिळणार नाही. आत्ता जाणाऱ्या तुकडीत एक जागा रिकामी आहे. निघायचं तीन आठवड्यांत. मेडिकल येत्या शनिवारी. जमेल?

"जमेल," बाई म्हणाल्या. जिना उतरताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या दोन पायऱ्यांवर थांबल्या. मला वाटलं चक्कर आली. "काही नाही गं," म्हणाल्या, "चारकोपला तिसऱ्यांदा बसायचं राहिलं. आता रविवार कुठे उरलाय?"

उरला नाहीच. मेडिकल, राजीनामा, स्वेटरची खरेदी, सहामाहीचे निकाल, पोरांची रडारड. निघायच्या आदल्या दिवशी वर्गाच्या कठड्यावरचा खडूचा डबा त्यांनी मला दिला आणि मुलांसमोर सांगितलं, "या बाई हळू बोलतात. म्हणून तुम्ही जास्त लक्ष द्यायचं." नववी ब रडली. मी बघितलं आहे.

निघायच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी एक पेच उभा राहिला. लांब निघालेल्या बाईची ओटी भरायची. शालिनीवहिनीने ताट तयार ठेवलं होतं, तांदूळ, नारळ, खण. शेजारच्या राणेकाकूंनी हरकत घेतली. "लग्न न झालेल्या बाईची ओटी भरतत काय गो? सवाष्ण म्हणूची तर नाय, कुमारिका म्हणूची तर पोर नाय. खंय बघलंस असां?"

शालिनीवहिनी पत्राच्या दिवसापासून मान खाली घालून वावरत होती. त्या दिवशी तिने मान वर केली. "पोर सासरी जाताना भरतत मा? का भरतत? ती नवा घर मांडूक जाता म्हणान. माझी नणंद नवा घर मांडूक चालली आसा. माका कोण अडवता बघूया."

बाईंनी पदर पुढे केला. शेहेचाळीस वर्षांत त्यांच्या पदरात कुणी ओटी घातली नव्हती, हे मला त्यांच्या पदर धरण्यावरून कळलं. तो कसा धरायचा ते त्यांना नीट माहीत नव्हतं. वहिनीने त्याची टोकं त्यांच्या हातात दिली आणि ओंजळी ओंजळीने तांदूळ घातले. नारळ बाईंनी पोरांसाठी ठेवला. तांदूळ मात्र रुमालात बांधून पर्समध्ये घेतले.

सहार विमानतळावर आम्ही सगळे गेलो. "ज्याला रडायचंय त्याने घरी थांबा," असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून सगळे ओठ दाबून उभे होते. बाळाभाऊंनी सामानाची गाडी धरून ठेवली होती आणि ते ती सोडेचनात. "ताई, तिकडे दूध मिळतं ना गं?" असं काहीबाही विचारत राहिले. शेवटी बाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मी मात्र रडले. मला जमलंच नाही.

"नाक पूस," बाई म्हणाल्या. "परीक्षकाने रडायचं नसतं."

"बाई, एक विषय राहिलाय तुमचा."

"ठाऊक आहे. एटीकेटीवर चाललेय. पेपर तिकडे देते आणि उत्तरपत्रिका तुला पाठवते. मार्क नीट दे. ओळखीचे देऊ नकोस."

आणि त्या काचेच्या दारातून आत गेल्या. गाडी ढकलत, ताठ मानेने, एकदाही मागे न बघता. त्यांनी मागे बघावं असं मला फार वाटत होतं. शालिनीवहिनी म्हणाली, "बरा झाला. मागे बघली असती तर मी आत घुसलंय असतंय."

दिवाळी झाल्यावर पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावाने, निळं, घडीचं. स्टाफरूममध्ये मी ते मोठ्याने वाचलं. आधी शाळेचं वर्णन, मुलं उंच आहेत, पाढे गाऊन म्हणतात, खडू जाड आहेत पण मोडता येतात. शेवटी लिहिलं होतं, 'झोप, एकटीने. पहिली रात्र, दिवा चालू, नापास. दुसरी रात्र, दिवा बंद, तीनपर्यंत जागी, नापास. तिसरी रात्र, अकरा ते पाच. एकदाही उठले नाही. सोबत सर्व पायऱ्या दाखवल्या आहेत. मार्क कळव.'

स्टाफरूमने टाळ्या वाजवल्या. भूगोलाच्या सरांनीसुद्धा. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. शंभरपैकी नव्वद दिले. खाली लाल शाईने शेरा मारला, 'दहा मार्क कापले आहेत. एक पायरी गाळली आहे. रडलात की नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही.' बाईंना असं लिहायची हिंमत मला कुठून आली देव जाणे. पत्र पेटीत टाकल्यावर चार दिवस मला पश्चात्ताप होत होता.

उत्तर यायला महिन्याहून जास्त वेळ लागला. यावेळचं पत्र छोटं होतं.

'नीला, हिशेब बरोबर आहे. पायरी गाळली होती. विमानात रडले नाही. झोपेचं जमेना तेव्हाही रडले नाही. इथल्या पहिल्या रविवारी शालूच्या ओटीचे तांदूळ काढले. म्हटलं, पहिला भात याचाच करावा. पातेलं घेतलं आणि एका माणसाचा भात किती घालायचा तेच कळेना. मी जन्मात सहा माणसांच्या खाली भात लावलेला नाही. मूठ भरायची, परत ओतायची. असं कितीदा केलं. मग रडले, तिथेच ओट्यापाशी उभी राहून, पुष्कळ. ही गोष्ट आपल्या अकरामध्ये नव्हती. तुझ्याही ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. भात शेवटी जास्तच झाला. शेजारच्या बाईला दिला. आता माझे दहा मार्क परत दे.'

हे पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं नाही. शाळा सुटल्यावर मुलुंड पूर्वेला बाईंच्या घरी गेले. शालिनीवहिनी स्वयंपाकाला लागली होती. मी तिथेच पाटावर बसून तिला पत्र वाचून दाखवलं.  तिने शेगडीवरच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मला आत बघायला सांगितलं. भात काठोकाठ होता.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "माका पण जमणा नाय गो. अजून सहा जणांचोच घालतंय. रोज उरता."

घरी जाऊन मी बाईंना पत्र लिहिलं. दहा मार्क परत देते आहे. आणि कळवायला आनंद होतो की त्याच विषयात शालिनीवहिनीही नापास आहेत. पुढच्या रविवारी परत बसणार आहेत.